नंदुरबारला न पोहोचलेला खजिना

9 सप्टेंबरची सकाळ. नंदुरबारच्या माणिक चौकात हुतात्मा स्मारकाला हार घालून झाले आहेत, शाळेची मुले दोनदोनच्या रांगेने परत निघाली आहेत आणि तुम्ही गर्दी ओसरायची वाट बघत एका ओट्यावर टेकला आहात. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाच नावे. तुम्ही ती मनातल्या मनात म्हणता आणि पाचव्या नावापाशी येईपर्यंत रिक्षांचा आवाज थांबलेला असतो. मोबाइलच्या दुकानाची पाटी दिसेनाशी होते. डोक्यावरचे तारांचे जाळे जाते, नुसते आभाळ उरते.

तारीख तीच आहे, साल 1942 आहे. तुम्ही पश्चिम खानदेश जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहात. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून 56 वर्षे आहेत. गल्लीच्या तोंडाशी घोषणा ऐकू येतात. आवाज कोवळे आहेत, काहींचे नुकते फुटू लागलेले. पुढे गोळ्या सुटणार हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्हाला हात पुढे करता येत नाही. झेंडा हातात घेतलेला तो मुलगा, शिरीषकुमार, अजून सोळाचाही झालेला नाही.

इथे मी तुम्हाला जास्त थांबवत नाही. ही गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. मला तुम्हाला या दिवसाची दुसरी बाजू दाखवायची आहे, आणि त्यासाठी खूप दूरचा आवाज ऐकावा लागेल. याच दिवशी सातारा जिल्ह्यात वडूजला मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळ्या सुटल्या. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती मिळून नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच. नंदुरबार आणि वडूज, एकाच दिवशी एकाच सरकारच्या गोळ्या. नंदुरबारने आपली मुले काळजात जपली. साताऱ्यातल्या माणसांनी, रिकाम्या हाताने कचेरीवर जायचे नाही, असे ठरवले आणि ती भूमिगत झाली. 1943 मध्ये त्यातून प्रतिसरकार उभे राहिले. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे नाव आणि चेहरा, कुंडल हे त्याचे एक मोठे ठाणे, आणि तूफान सेना हे त्याचे सैन्य.

नंदुरबारचा त्या सरकारशी काय संबंध, असे तुमच्या मनात येईल. रस्त्यावर चला, दिसेल.

14 एप्रिल 1944, शुक्रवार. धुळ्याहून नंदुरबारला येणारा साठेक मैलांचा रस्ता. चिमठाणे आणि साळवे या गावांच्या परिसरात तुम्ही एका बाभळीखाली उभे आहात. सावली म्हणावी इतकी सावली तिला नाही. काळ्या जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या आहेत. धुळीचा एक लोट जवळ येतो. आत सरकारी खजिना आहे आणि तो सांभाळायला पोलीस आहेत. मुक्काम नंदुरबार.

मग तो लोट थांबतो.

पुढची झटापट तुम्ही लांबून बघता. या माणसांत कुंडलचे जी. डी. बापू लाड आहेत, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आहेत, आणि खानदेशातले डॉ. उत्तमराव पाटील आहेत. साताऱ्याच्या माणसांना ही वाट, हे नाले, ही टेकाडे कुठून माहीत असणार? खानदेशच्या माणसांनी त्यांना इथवर आणले. हे नाते जुने होते. उत्तमरावांच्या पत्नी लीलाताई पाटील अमळनेरच्या 1942 च्या उठावात पकडल्या गेल्या, शिक्षा झाली, आणि पुण्याच्या ससून रुग्णालयातून त्या निसटल्या त्या भूमिगतांना जाऊन मिळाल्या. सातारा आणि खानदेश यांच्यामध्ये अशी माणसांची वीण होती.

साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम. गाठोडी बांधून माणसे उन्हात दिसेनाशी होतात.

आता बाभळीखालून नीट बघा. तुम्हाला नावे ठाऊक आहेत म्हणून तुम्हाला क्रांतिकारक दिसले. शेजारच्या शेतात ज्याने हे पाहिले त्याला काय दिसले असेल? बंदुका, पळणारी माणसे, पाठीवर पैसा. दरोडेखोर यापेक्षा वेगळे दिसत नाहीत. लांबून पाहिले तर क्रांती आणि दरोडा यांच्यात फरक कळत नाही. तो फरक कळायला त्या पैशाचे पुढे काय झाले ते बघावे लागते, आणि शेतातल्या माणसाला ते बघता येत नव्हते.

खजिन्याच्या गाडीवरचे ते पोलीसही इथलेच, मराठी बोलणारे, पगारावर घर चालवणारे. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी रात्री चूल पेटली नसेल, हे मला विसरता येत नाही. तुम्हीही विसरू नका.

दोन दिवसांनी नंदुरबारच्या बाजारात या. इथून पुढचे चेहरे मी कल्पनेने उभे केले आहेत. त्यांचे प्रश्न मात्र त्या काळाचे आहेत.

बाजारात दोन बातम्या एकमेकींत गुंतल्या आहेत. खजिना लुटला त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. सविस्तर बातमी छापायला सेन्सॉरने लवकर मोकळीक दिली नाही, म्हणून ताप्ती व्हॅली रेल्वेने येणारा प्रत्येक उतारू आपापला स्फोट घेऊन उतरतो. कोणी म्हणतो जपानी आले. कोणी म्हणतो सोन्याच्या विटा आभाळातून पडल्या, आणि हे खरे निघते. मग कोणीतरी दोन्ही धागे जोडतो: मुंबईत गोदी उडाली, इकडे खजिना गेला, सरकार संपले.

“काय व्हयनं भाऊ?”

“खजिना लुटाई गया. साताराना व्हतात म्हने.”

बैल सोडून कडुनिंबाखाली बसलेला शेतकरी हे ऐकून घेतो आणि विचारतो, सातारा कोठे शे? त्याला सातारा ठाऊक नाही, शेतसारा ठाऊक आहे. आपल्या गावातून उचललेला सारा सरकारी तिजोरीत जातो हेही ठाऊक आहे. ज्याने नेला त्याने सरकारचा नेला, आपला नाही, असे तो म्हणतो. बंगालात गेल्या वर्षी माणसे अन्नावाचून मेली, कापड मिळत नाही, रॉकेल मिळत नाही. या सरकारचे काही गेले तर त्याला वाईट वाटायचे कारण नाही. थोडा वेळ गप्प राहून तो पुढे विचारतो, पण आता पोलीस येतील ते कोणाकडे? भूमिगत माणसे रात्रीतून डोंगर ओलांडतील, त्याला जमीन सोडून कुठे जायचे?

पेढीवरचा व्यापारी आवाज खाली आणतो. घरी गुजराती, गिऱ्हाइकाशी अहिराणी, कचेरीत मराठी, अशा तीन भाषांत त्याचा दिवस जातो. 42 साली त्याने दुकान बंद ठेवले होते. त्या पाच मुलांपैकी काहींना त्याने अंगाखांद्यावर खेळताना पाहिले होते. सरकार त्यालाही नको आहे. पण साताऱ्याकडून येणाऱ्या गोष्टी त्याने ऐकल्या आहेत. तिकडे सावकाराला बोलावणे येते, वह्या उघडायला लावतात, गहाणाची जमीन परत करायला लावतात, नाही म्हटले तर तळपायावर फटके. इथे खजिना लुटला, उद्या पेढी लुटायला त्यांना कितीसा वेळ? त्याच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की तो खोटे बोलत नाही. त्याचे देशप्रेम खरे आहे आणि त्याची भीतीही खरी आहे.

शाळेतल्या मास्तरांचे डोळे चमकतात. शिरीषकुमारच्या वयाची मुले ते रोज शिकवतात. दीड वर्ष त्यांनी छातीवर दगड ठेवून हजेरी घेतली. कोणीतरी काहीतरी केले, या विचाराने त्यांना आज पहिल्यांदा बरे वाटते. पण गांधीजी आगाखान पॅलेसात बंद आहेत, कस्तुरबांना जाऊन दोन महिनेही झालेले नाहीत, आणि बापूंना हे पटेल का, हा प्रश्न मास्तरांना झोपू देत नाही. त्यांना माहीत नसलेले उत्तर तुमच्याकडे आहे: 6 मे रोजी गांधीजी सुटतील, लपूनछपून केलेले काम आणि घातपात आपल्याला मान्य नाही असे सांगतील, भूमिगतांना उघड्यावर यायला सांगतील. साताऱ्याची माणसे त्यांचे चित्र भिंतीवरून उतरवणार नाहीत आणि त्यांचे म्हणणेही ऐकणार नाहीत. हे मास्तरांना सांगावेसे वाटते तुम्हाला. सांगू नका. ते ज्या अडचणीत आहेत तिच्यातून त्यांचे त्यांनाच बाहेर पडू द्या.

आणि बाजाराच्या कडेला, मोळी उतरवून उकिडवा बसलेला एक भिल्ल आहे. त्याला कोणी विचारत नाही. तो कुणाचा तरी सालदार आहे. वर्षाच्या बोलीवर बांधलेला, उचल फिटत नाही म्हणून पुढच्या वर्षालाही बांधलेला. ज्या शेतात तो राबतो ते त्याच्या आजाचे होते, असे खूप ठिकाणी आहे. त्याने एक सरकार जवळून पाहिले आहे, पण ते साताऱ्याचे नव्हे. काही वर्षांपूर्वी तळोद्याकडे गुलाम महाराजांच्या आरतीला डोंगरातून माणसांचे लोंढे यायचे. दारू सोडा, स्वच्छ राहा, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा, असे महाराज सांगत. ज्यांना गावात अरेतुरेशिवाय कोणी हाक मारत नव्हते ते एकमेकांना आप म्हणू लागले. 1938 मध्ये महाराज गेले, धाकटे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले आणि सरकारने त्यांना हद्दपार केले. हत्यार नव्हते, खजिना नव्हता, तरी सरकार घाबरले. हे सगळे या बसलेल्या माणसाला ठाऊक आहे. तुमच्या बाजारातल्या चर्चेत त्याची मोजदाद नाही, एवढेच.

आता पैशाच्या मागे जा. नंदुरबारला जे पोहोचले नाही ते कुठे पोहोचले?

कृष्णेच्या खोऱ्यातले एक गाव, 1945. रात्र. देवळापुढच्या पटांगणात कंदील आहे, वेशीवर पाळतीला पोरे बसली आहेत. तुम्ही मागे भिंतीला टेकता. न्यायदान मंडळ बसले आहे. तुम्ही आजवर पाहिलेल्या कोर्टापेक्षा हे वेगळे, कारण इथे सगळा गाव ऐकतो आहे आणि साक्षीदाराला खोटे बोलायचे तर त्याला ओळखणाऱ्यांसमोर बोलावे लागते. बांधाचा वाद निघतो. दोन्ही बाजू बोलतात, म्हातारी माणसे पूर्वीची खूण सांगतात, निकाल लागतो. वकील नाही, तारीख नाही, साताऱ्याच्या खेपा नाहीत. पिढ्यांची भांडणे एका रात्रीत मिटतात, तेव्हा लोक त्या माणसांना ‘सरकार’ म्हणू लागतात. सत्ता घोषणेने आली नाही, ती अशी आली.

मग एक बाई उभी राहते. नवऱ्याने टाकले आहे. ती पदर सावरून सगळ्या गावापुढे बोलते, आणि गाव ऐकते. नवऱ्याला बोलावणे जाते. नांदव, नाहीतर पोटगी दे. तुमच्या शेजारच्या बाईचा श्वास तुम्हाला ऐकू येतो. प्रतिसरकारबद्दल बायकांचे मत काय होते, हे मला कुठल्या भाषणापेक्षा त्या श्वासात जास्त कळते. पुढच्या आठवड्यात याच पटांगणात गांधी पद्धतीचे लग्न आहे: हार, चार शब्द, थोडका खर्च. मुलीच्या बापाला कर्ज काढावे लागणार नाही. दारूचे गुत्ते बंद झाले आहेत. प्रतिसरकारच्या नावावर दरोडे घालणाऱ्या टोळ्यांचा बंदोबस्त याच माणसांनी केला आहे; रात्री दाराला कडी न लावता झोपता येते असे लोक सांगतात. त्यांची सत्ता किती गावांत होती, याचे आकडे दीडशेपासून सहाशेपर्यंत सांगितले जातात. कंदिलाच्या उजेडात तुम्हाला एकच गाव दिसते आणि त्या रात्री तेवढे पुरेसे वाटते.

पण थांबा, निघू नका. शेवटचे प्रकरण खबऱ्याचे आहे.

त्याला आणतात. पाय बांधतात. तळपायावर काठी बसते तो आवाज कंदिलाच्या कक्षेबाहेरही जातो. या शिक्षेवरून विरोधकांनी ‘प्रति’चे ‘पत्री’ केले: घोड्याला नाल ठोकतात तसे हे लोक माणसाच्या पायाला पत्रे ठोकतात, अशी आवई उठवली. खिळे ठोकत नव्हते, हे प्रतिसरकारच्या माणसांनी आयुष्यभर सांगितले आणि ते खरे आहे. काठी होती, हेही खरे आहे. आणि गंमत अशी नव्हे, मोठी विलक्षण गोष्ट अशी की बदनामीसाठी काढलेला तो शब्द लोकांनी उचलला आणि प्रेमाने वापरला. ‘पत्री सरकार’ म्हणताना म्हाताऱ्यांचा आवाज आजही वर चढतो. ज्याचे शेत सुटले त्याच्या तोंडी तो शब्द पोवाड्यासारखा येतो. ज्याच्या बापाला त्या पटांगणात आडवे केले होते, त्याच्या घरी तो शब्द कोणी काढत नाही.

मला विचाराल तर मी त्या बाईच्या बाजूला उभा आहे. तिला त्या काळी दुसऱ्या कोणत्या दारात न्याय मिळाला असता, ते मला कोणी दाखवावे. पण त्या खबऱ्याला अपील नव्हते. तो खरोखर खबऱ्या होता की भाऊबंदकीत कोणी त्याचे नाव घातले होते, हे पटांगणातल्या सगळ्यांना माहीत असेलच असे नाही. एकाच रात्री, एकाच कंदिलाखाली मी ही दोन्ही प्रकरणे पाहिली, आणि त्यातले एक झाकून दुसरे सांगणे मला जमत नाही.

पुढची वर्षे भराभर पाहा. 1946 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ येते, वॉरंटे रद्द होतात, नाना पाटील उघड सभांना उभे राहतात आणि माणसांचा समुद्र लोटतो. प्रतिसरकार आपणहून विसर्जित होते. मग वाटा फुटतात. कोणी काँग्रेसमध्ये राहतो, कोणी शेतकरी कामगार पक्षात जातो, नाना पाटील पुढे कम्युनिस्ट होतात. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत सातारा त्यांना लोकसभेत पाठवतो. त्याच निवडणुकीत, त्याच जिल्ह्यात, एकेकाळी त्याच चळवळीत भूमिगत राहिलेले यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून काठावर निवडून येतात. बारा वर्षांपूर्वी जो कौल कंदिलाखाली मिळत होता तो आता मतपेटीत मिळतो, आणि तिथेही तो एकमुखी नाही. 1967 मध्ये नाना पाटलांना लोकसभेत पाठवते ते बीड. ज्या जिल्ह्यात त्यांचे सरकार कधी नव्हते तिथेही त्यांचे नाव चालते. कुंडल-वाळव्याकडे जी. डी. बापू आणि नागनाथअण्णा यांच्या हातून सहकारी साखर कारखाने उभे राहतात, आणि नातवंडांना पत्री सरकारची ओळख होते ती उसाच्या बिलातून.

इकडे, जिथे खजिना यायचा होता तिथे?

शहादा, 30 जानेवारी 1972. भूमुक्ती मेळावा. आता तुमच्याभोवती ती माणसे आहेत ज्यांना त्या एप्रिलमध्ये बाजारात कोणी विचारले नव्हते, आणि त्यांची मुले. स्वातंत्र्य येऊन पंचवीस वर्षे होत आली. सालदारकी तशीच आहे, गहाण पडलेली जमीन तशीच, वर मोठ्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्यांचे राखणदार. गेल्या वर्षी पाटीलवाडीला भिल्लांवर गोळी चालली. गावोगाव फिरून लोकांना बोलते करणारे अंबरसिंग महाराज या मेळाव्यात आहेत. त्यांच्यासोबत शहरांतून आलेली तरुण मुलेमुली आहेत. याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहील. मागण्या ऐका: बळकावलेली जमीन परत द्या, सालदाराला ठरलेली मजुरी द्या. सावकाराच्या वह्या उघडायला लावणारा तो कृष्णाकाठचा कंदील आठवतो का? इथे कोणी साताऱ्याचे नाव घेत नाही. घ्यायचे कारणही नाही. तोच प्रश्न त्यांना त्यांच्या स्वतःच्या अंगणात सापडला आहे.

आणखी एक वर्ष पुढे या. 1973. शहाद्याच्या आसपासचे एक गाव, संध्याकाळ. आदिवासी बायांचा घोळका येतो आहे. शिबिरात बसून त्या बोलल्या, मजुरीबद्दल बोलल्या, आणि बोलता बोलता दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांवर आल्या. शिबिर संपले, बोलणे संपले नाही. त्या गावोगाव निघाल्या आहेत. पुढची बाई एका झोपडीत वाकून शिरते, दारूचे मडके दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणते. मोहाच्या दारूचा वास तुमच्या नाकात जातो. मालक दारात उभा आहे, पण पुढे येत नाही. ती मडके डोक्याच्या वर नेते.

फुटल्याचा आवाज होतो. खापऱ्या तुमच्या पायापर्यंत येतात. बाया पुढच्या दाराकडे वळतात, आणि मागच्या एकीला, कडेवर पोर असलेलीला, वाट देण्यासाठी तुम्हाला बाजूला सरकावे लागते.